डाव्या खांद्यासाठी काडतूस

वाईरेका, २ फेब्रुवारी

तामाती,

तीन वर्षांनी लिहिते आहे आणि सुरुवातच बंदुकीच्या काडतुसापासून करते आहे. तरी पत्र फाडू नकोस. हे विचारावं असं घरात दुसरं कुणी उरलेलं नाही.

बाबांना हलकी बंदूक हवी आहे. कॉलमच्या बंदुकांच्या दुकानात जेमतेम अडीच किलोच्या दोन वापरलेल्या रायफली आल्या आहेत, अक्रोडाच्या दस्त्याच्या, अगदी जुळ्या. एक थ्री-ओ-एट काडतुसाची, दुसरी सेव्हन-ओ-एटची. त्याने दोन्ही काडतुसं काउंटरवर शेजारी उभी केली, तर मला फरकच कळेना. मग त्याने दाखवलं. पितळी खोळ तीच, सेव्हन-ओ-एटची मान जरा आवळलेली, गोळी जरा बारीक आणि जरा हलकी. तुला हे सगळं शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. मला मागच्या महिन्यात कळलं.

तुला ठाऊक नाही ते सांगते. आई गेल्यावर बाबा अंगणात दोनदा कोसळले. नोव्हेंबरात त्यांच्या छातीत यंत्र बसवलं. त्याच्याशिवाय त्यांचं हृदय मिनिटाला तीस ठोकेही धड देत नाही. यंत्र डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली आहे. बहुतेकांना तिथेच बसवतात. तिथून एक तार शिरेतून हृदयात जाते.

आणि बाबा बंदूक डाव्या खांद्याला लावतात. दस्ता बरोबर त्या यंत्रावर टेकतो.

मी दवाखान्यात फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्या बाजूला बंदुकीचा धक्का अजिबात नको, एका धक्क्यातही तार तुटू शकते. यंत्र उजवीकडे हलवता येईल, पण आता नाव घातलं तरी पाळी ऑगस्टमध्ये लागेल. डोंगरावर हरणांच्या नरांच्या डरकाळ्या मार्चअखेरीस सुरू होतात आणि ४ एप्रिलला आईच्या थडग्याच्या शिळेवरचं कापड काढायचं आहे. त्या जेवणाला आमच्या घरच्या हाताने मारलेलं हरीण नसेल तर मी मराएच्या सभाघराच्या दारात उभा राहणार नाही, असं बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

जुनी साडेचार किलोची बंदूक घेऊन ते जानेवारीत डोंगर चढून पाहायला गेले. दुसऱ्या फाटकाशी गवतात बसलेले सापडले, ओठ निळे. मी म्हटलं, मी वाहते ती बंदूक. म्हणाले, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक टाकून फिरायला मी काय राजा आहे?

जड बंदूक धक्का गिळते, पण त्यांना उचलत नाही. हलकी त्यांना उचलते, पण धक्का सगळा खांद्यात घालते. मला एवढंच सांग, या हलक्या बंदुकीत दोन्हींतलं कुठलं काडतूस कमी लाथ मारतं, आणि तो फरक एका माणसाच्या जिवाइतका आहे का?

मेरेआना


वाईरेका, २० फेब्रुवारी

तामाती,

पोस्टातली बाई म्हणाली होती, दहा दिवसांत पोचतं. आज अठरावा. तुझा नंबर बंद लागतो. खाणीच्या छावणीचा हा पत्ता शेजारच्या हेमीने दिला आणि तो चुकीचा नाही, असं शपथेवर सांगितलं. म्हणजे पत्र पोचलं आहे, असं धरून चालते.

मी बाबांना रायफल आणायलाच नकार दिला. यंत्र बसवल्यापासून त्यांना गाडी चालवायची मनाई आहे, तेव्हा माझ्याशिवाय दुकानात जाणार कसे? त्यांनी शांतपणे पाव तोडला आणि म्हणाले, मग हेमीची मागून नेतो. हेमीची बंदूक तुला माहीत आहे, तिच्या धक्क्याने गाढवसुद्धा आडवं होईल. म्हणून मी आता नकार देत नाही. मी आता फक्त दोन काडतुसांत भांडते.

त्यांना थ्री-ओ-एटच हवी. काल जेवताना मी माझी वही काढली. सेव्हन-ओ-एटची गोळी आपल्या डोंगरावरच्या अंतराला तेवढंच काम करते, धक्का साधारण सातव्या हिश्शाने कमी, सगळं मांडून दाखवलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"ही वही हरणाला दाखवलीस का?" म्हणाले. "सेव्हन म्हणजे थ्रीची धाकटी बहीण. हुशार आहे, नाजूक आहे. घरी बसून अभ्यास करू दे तिला."

हेमी हसता हसता ठसकला. मी पण हसले. रात्रभर झोप नाही.

पण खरं कारण हट्ट नाही, तामाती. फडताळात वरच्या फळीवर आईने भरलेली काडतुसं आहेत. सदतीस उरली आहेत. तुला आठवत असेल, ती स्वयंपाकघराच्या टेबलावर रिकाम्या खोळी पुसून ओळीत लावायची, दारू छोट्या तराजूवर तोलायची, आणि तेव्हा कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. डब्यावर तिच्या अक्षरात तारीख आणि दारूचं वजन आहे. शेवटची तारीख मागच्या वर्षीची, ११ मार्च. त्यानंतर महिन्याभरात ती गेली. सगळी थ्री-ओ-एट. बाबांना तिच्या शिळेच्या जेवणाचं हरीण तिनेच भरलेल्या काडतुसाने मारायचं आहे. मी सेव्हन-ओ-एट आणली तर ती सदतीस काडतुसं नुसतं पितळ होतील. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. डबा खाली काढून ठेवलेला मी पाहिला.

हेमी म्हणाला, मी आणून देतो हरीण, दोन आणतो. बाबा म्हणाले, तुझ्या आईच्या वेळी आण. आपल्यात हे असंच आहे हे मलाही कळतं. दुसऱ्या घरचं मांस म्हणजे या घरात हात उरला नाही, असं जाहीर करणं. मी जाते म्हटलं. नव्या वर्षात मी बंदुकीचा परवाना काढला आहे, लेखी परीक्षेत एकही चूक नाही. बाबा म्हणाले, हरीण लेखी परीक्षेला बसलं तर तुला बोलावतो.

तेव्हा या घरात एकच हात उरतो. तुझा.

आईच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नव्हते. माझ्या त्या तीन वर्षांपूर्वीच्या पत्राबद्दल मात्र लिहायला हवं. चार पानं, मुद्द्यांना आकडे घातलेले. तू आणि बाबा डोंगराच्या दोन धारांवरून, नराला बोलवायला पाईपमधून डरकाळ्या देत होता. एकमेकांना नर समजून अर्धा तास एकमेकांकडे सरकत राहिलात, आणि तू नेच्यांच्या हालचालीवर गोळी झाडलीस. ती बाबांच्या कानाजवळच्या झाडात गेली. मी लिहिलं की समोर काय आहे हे ज्याला दिसत नाही त्याला चाप ओढण्याचा नैतिक अधिकार नाही. 'नैतिक'खाली रेघ मारली होती. तोवर मी त्या डोंगरावर एकदाही चढले नव्हते. तू वाटेत तीनदा ओकत खाली आलास, हे मला आईने सांगितलं, पण पत्र टाकून झाल्यावर.

ये. मार्च संपायच्या आत ये. बाबांशी बोलू नकोस हवं तर. हरीण मार आणि जा.

मेरेआना


वाईरेका, ८ मार्च

तामाती,

तू येणार नाहीस असं धरून मी काल स्वतःच मोजून पाहिलं.

कॉलम मला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला, दोन्ही रायफली घेऊन. आधी मला वेड्यात काढलं. तुझे बाबा आणि नवी बंदूक? आधी त्यांना नवे बूट घ्यायला लाव, म्हणाला. मग मी डाव्या खांद्याला लावते म्हटल्यावर विचारलं, का गं, उजवा कुणाला उसना दिलास?

घरून निघताना मी गळ्याच्या हाडाखाली, बाबांचं यंत्र जिथे आहे तिथे, स्पॅगेटीची एक कोरडी काडी चिकटपट्टीने लावली होती. हे लिहितानाही लाज वाटते. दुसरं काही सुचलं नाही.

थ्री-ओ-एटच्या पहिल्याच गोळीला काडीचे तीन तुकडे. नवी काडी लावली. सेव्हन-ओ-एटची पहिली गोळी, काडी शाबूत. दुसरी, शाबूत. तामाती, त्या दोन गोळ्यांमधल्या मिनिटाइतकी आनंदात मी वर्षभरात नव्हते. सगळं ठरवून टाकलं मनात. बाबांना एकच गोळी झाडू द्यायची, मी शेजारी राहायचं, आईचा डबा कुठेतरी लपवायचा. तिसऱ्या गोळीला तुटली. पुन्हा नवी काडी लावली तर ती पहिल्याच गोळीला गेली. त्यानंतरची पण. खिशातला पुडा संपेपर्यंत झाडत राहिले.

कॉलमने विचारलं, सदऱ्यातून काय काढते आहेस सारखं? मी सांगितलं. त्याचं हसणं बंद झालं.

"पोरी, शेवईची काडी आणि डॉक्टरची तार एक नव्हे," तो म्हणाला.

मी म्हटलं, मला ठाऊक आहे, मी शाळेत विज्ञान शिकवते. आणि तिथल्या बाकावर बसले ती त्याने चहा आणून हातात देईपर्यंत उठले नाही.

नंतर त्याने नळीला आवाज दाबायचं नळकांडं लावायचं सुचवलं, त्याने धक्काही बराच कमी होतो. घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, हरणाला मारायचं आहे, त्याच्या कानात कुजबुजायचं नाही. शिवाय त्याने बंदूक पुढे जड होते आणि ती उचलून धरताना त्यांचे हात आधीच थरथरतात. ते त्यांनी सांगितलं नाही, मी सांगते आहे.

खांदा माझा जांभळा झाला आहे. फळ्यावर लिहिताना मुलांनी विचारलं, बाई, हात वर का जात नाही? मी पंचवीस वर्षांची आहे. ते एकसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांच्या त्या जागी तार आहे.

कॉलम थ्री-ओ-एट २६ तारखेपर्यंत बाजूला ठेवणार. बाबांनी २८ची पहाट ठरवली आहे.

मेरेआना


वाईरेका, १५ मार्च

तामाती,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की यंत्र डावीकडे आहे, कारण बहुतेकांना तिथेच बसवतात. खोटं नाही ते. पण पूर्णही नाही.

यंत्र बसवण्याआधी आम्हाला एका खोलीत बोलावलं होतं. एक नर्स, दोन डॉक्टर, त्यांतली एक अगदी माझ्याएवढी. नर्सच्या हातात फॉर्म होता. बाबा माझ्या शेजारी चांगला सदरा घालून बसले होते. नर्सने विचारलं, कामाचा हात कुठला? मी सांगितलं, उजवा. बाबा उजव्या हाताने लिहितात, उजव्या हाताने करवत धरतात, मी जन्मभर तेच पाहिलं. मग तिने विचारलं, पोहणं, शिकार, नेमबाजी असं काही? कारण तसं असेल तर आम्ही दुसऱ्या बाजूला बसवतो.

मी म्हटलं, नाही. आता सोडलं त्यांनी.

त्यांना विचारलं नाही. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आई गेल्यापासून ते डोंगरावर गेले नव्हते, आणि मला वाटत होतं की तुझ्या त्या गोळीनंतर या घरातून बंदूक गेलेलीच बरी. मी 'नाही' म्हटलं, कारण मला ते 'नाही' हवं होतं. तिने खूण केली आणि पान उलटलं.

जानेवारीत बाबा जुनी बंदूक पुसत होते आणि सहज नेम धरला. डाव्या खांद्याला. मी विचारलं, उजव्या हाताची माणसं उजव्या खांद्याला लावतात ना? ते म्हणाले, लाकडाच्या गिरणीत डोळ्यात ढलपी उडाली तेव्हापासून उजव्या डोळ्याने तुझं तोंडही धुकं दिसतं, नेम कसा धरू? इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर जेवले आणि मला हे माहीत नव्हतं. मला डोंगरावर कधी नेलंच नाही, मला शाळेचा अभ्यास करायचा होता. तुला माहीत होतं. त्या खोलीत माझ्या जागी तू असतास तर यंत्र उजवीकडे असतं.

मी दवाखान्यात फोन केला तेव्हा सुद्धा नाव न सांगता विचारलं. फॉर्ममध्ये चूक माझी आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना सांगायला रोज त्यांच्या खोलीपर्यंत जाते. रोज उष्टी भांडी आहेत का विचारून परत येते.

म्हणून मी काडतुसांत भांडते आहे, तामाती. सातवा हिस्सा कमी, आठवा हिस्सा कमी. माझ्या हातात आता तेवढंच उरलं आहे. ते २८ला मेले तर थ्री-ओ-एटने मरणार नाहीत आणि सेव्हन-ओ-एटनेही नाहीत. माझ्या एका शब्दाने मरतील, आणि तो शब्द कागदावर आहे.

काही तरी लिही. शिव्या लिही.

मेरेआना


वाईरेका, २७ मार्च

तामाती,

बुधवारी शाळेतून आले तर बाबा पायरीवर बसून बटाटे सोलत होते.

"तामातीचा फोन होता," म्हणाले.

मी पिशव्या खाली ठेवल्या. किती वेळ बोललात विचारलं. म्हणाले, आधीचे बटाटे उकडून करपेपर्यंत. म्हणून हे दुसरे.

"काय म्हणाला?"

"सेव्हन."

"आणखी?"

"तिकडे उकाडा आहे."

मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. जेवून झालं. मग ताट बाजूला सारून सांगायला लागले. ते तुला विचारत होते की त्यांच्या स्वतःच्या खांद्याला सेव्हन सोसेल का. तू म्हणालास, तुमच्या नाही, तिच्या. त्यांनी तुला सुनावलं की तिने आजवर कोंबडीही मारलेली नाही. तू म्हणालास, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी काय मारलं होतं? हे सगळं तू बोललास, तुला ठाऊकच आहे. त्यांच्या तोंडून कसं आलं ते कळावं म्हणून लिहिते. तुझा शब्द न शब्द त्यांनी सांगितला, मध्ये कुठे थांबावं लागलं तर सुरुवातीपासून.

मग म्हणाले, "तिला वाटतंय तिने तुम्हाला मारलं, असं सांगत होता तो."

मी तिथेच सांगून टाकलं. फॉर्म, नर्स, 'नाही' शब्द. बराच वेळ लागला. त्यांनी मला संपवू दिलं.

"मी तिथेच बसलो होतो, पोरी. ऐकत होतो."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तू बोलत होतीस आणि ते तिघं लिहून घेत होते. आपल्या घरातलं कुणी बोलतंय आणि डॉक्टर लिहून घेताहेत, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मध्ये तोंड घालून ते मोडायचं होतं का मी?"

ते म्हणाले, चूक दोघांची आहे, तुझी बोलण्याची, माझी न बोलण्याची. आणि मग टेबलाकडे बघत, तुला फोनवर सांगितलेलं मलाही सांगितलं. त्या दिवशी धारेवर त्यांचीही बंदूक रोखलेली होती. त्यांनाही नेचेच हलताना दिसत होते. त्यांचंही बोट चापावर होतं. तुझी गोळी आधी सुटली, एवढंच. हे फक्त आईला माहीत होतं. जाईपर्यंत दोन वर्षं तिने त्यांना सांगितलं की मुलाला फोन करा, आणि दोन वर्षं ते म्हणत राहिले, उद्या.

तुझ्यासाठी लिहिलेली माझी चार पानं मी आता परत मागणार नाही. ती तशीच राहू देत. पण न दिसता चाप ओढण्याचा तो मुद्दा मी तुम्हा दोघांसाठी लिहायला हवा होता, आणि खरं तर तिसरी म्हणून माझ्यासाठीही.

काल मी सेव्हन-ओ-एट आणली. कॉलमने दोन डबे काडतुसं पिशवीत टाकली. बाबांनी रायफल हातात घेतली, उलटीसुलटी केली, एकदाच डाव्या खांद्याला लावली. डोळा बारीक करून कुंपणाच्या पलीकडे पाहिलं. दस्ता त्या जागेवर टेकलेला मला दिसत होता. हलकी आहे, म्हणाले. बरी आहे.

उद्या पहाटे निघतो. ते डरकाळी देणार, मी बंदूक घेऊन बसणार. पूर्ण जनावर दिसल्याशिवाय, डोकं, पाय, पाठ सगळं दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे त्यांनी चार वेळा बजावलं. हरीण आलं नाही तर रिकाम्या हाताने खाली यायचं आणि मराएच्या दारात दोघांनी उभं राहायचं, हेही ते आपणहून म्हणाले. मला फार भीती वाटते आहे. मी चुकवीन याची, न चुकवण्याची, आणि चढणीवर त्यांच्या ओठांची. दुसऱ्या फाटकाशी दम खायला थांबायचं, असं वचन घेतलं आहे. पाळतील असं वाटत नाही. आईच्या शिळेचं ४ तारखेला, सकाळी दहा वाजता. तुला यायचं असेल तर ये, नसेल तर पत्रात लिही, मी वाचून दाखवीन.

पण मला जे सांगायचं होतं ते हे. रायफल खाली ठेवून बाबांनी मला जवळ बोलावलं आणि कोपर वाकवायला सांगितलं. कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत पेन्सिलीने मोजलं, मग तेच दस्त्यावर धरलं. दोन बोटं लांब होता. त्यांनी गिरणीतली बारीक दातांची करवत आणली. मी म्हटलं, बाबा, एवढा आखूड केला तर तुम्हाला कधीच बसणार नाही. ते म्हणाले, धर तिकडून घट्ट, हलवू नकोस. आणि अक्रोडाचं ते लाकूड त्यांनी एका दमात, एकदाही न थांबता कापलं.

कडा घासून झाल्यावर भुसा फुंकला, बंदूक माझ्या खांद्याला लावली, हनुवटी हाताने सरळ केली.

"बसते?"

मी म्हटलं, बसते.

मग हात धुवायला आत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. मी आत गेले नाही.

तुझी बहीण,
मेरेआना